अनुभवाच्या रकान्यात काय लिहायचं?

पदवीचा निकाल लागला की महिन्या-दोन महिन्यांत माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींचं गाऱ्हाणं ठरलेलं असतं. नोकरीला अनुभव मागतात, अनुभव नोकरीशिवाय मिळत नाही, मग पहिल्या रेझ्युमेत लिहायचं काय? कराड तालुक्यातल्या एका गावातून बी.कॉम. झालेली एक मुलगी आईला घेऊन आली ती हेच विचारायला. तिची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे.

तिने आणलेला रेझ्युमे दोन पानी होता. एस.टी. स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार नमुना असतो, त्यात नाव-गाव बदलून प्रिंट काढून देतात, त्यातला. सुरुवातीला आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीला हातभार लावायचं उद्दिष्ट. मग वडिलांचं नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, आधार क्रमांकसुद्धा. छंद म्हणून वाचन आणि संगीत. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरपुढे पाचपैकी चार चांदण्या रंगवलेल्या. शेवटी ‘वरील माहिती सत्य आहे’ आणि सही. अनुभवापुढे एकच शब्द होता, फ्रेशर.

“मॅडम, मी काहीच केलेलं नाही. मैत्रिणी पुण्यात इंटर्नशिप करून आल्या. माझं कॉलेज आणि घर, एवढंच,” ती म्हणाली.

मी तिला आदल्या वर्षातला एक साधा आठवडा सांगायला लावला. सकाळी कॉलेज, दुपारी घर, संध्याकाळी धाकट्या भावाचा अभ्यास. तेवढ्यात आई म्हणाली, “आन् आमच्या गटाच्या वह्या कोन लिवतंय? ती बी हीच की. आमाला कुठं येतंय लिवायला.”

मुलगी पटकन म्हणाली, “आई, ते घरचं काम आहे. त्याचं काय सांगायचं?”

आईचा महिला बचत गट ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातला. बारा बायका, दर महिन्याला प्रत्येकी 200 रुपये बचत. गटातून एकमेकींना कर्ज दिलं जातं, त्याचं व्याज येतं, हप्ते येतात, बँकेत भरणा होतो. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षापासून ही मुलगी त्या सगळ्याचं लिखाण सांभाळत होती: इतिवृत्त, रोकड वही, प्रत्येकीचं बचत आणि कर्ज खातं, शिवाय प्रत्येकीचं छोटं पासबुक. ज्यांनी बचत गट जवळून पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्या जोडीला पाचवं सूत्र अद्ययावत लेखे हे आहे. बँक गटाला कर्ज देताना ह्या वह्या उघडून बघते. म्हणजे ज्या कामावर बारा घरांची पत अवलंबून होती, ते काम ही मुलगी तीन वर्षं करत होती, आणि तिच्या रेझ्युमेत त्याचा मागमूस नव्हता.

मी विचारलं, “हिशोब कधी चुकला होता का?”

तोवर मान खाली घालून बोलणारी मुलगी एकदम मोकळी झाली. एका महिन्यात वही आणि बँकेचं पासबुक यांत 600 रुपयांचा फरक आला होता. वहीत बाराजणींची बचत जमा दिसत होती, बँकेत भरणा मात्र 600 ने कमी. कुजबूज सुरू झाली होती. हिने त्या महिन्याची पावती काढली. तीन बायकांनी पैसे बैठक संपल्यावर, उशिरा आणून दिले होते. तोवर भरणा होऊन गेला होता आणि ती रक्कम कोषाध्यक्ष काकूंच्या डब्यात तशीच होती. वहीत हातातली शिल्लक वेगळी लिहिलीच जात नव्हती. पुढच्या बैठकीपासून तिने तो रकाना पाडला आणि कोषाध्यक्षांची सही घ्यायला सुरुवात केली.

हे सगळं ती पाच मिनिटं न अडखळता सांगत होती. नोकरीच्या जाहिरातीत ‘बँक रिकन्सिलिएशन’ म्हणतात ते हेच, असं मी सांगितलं तेव्हा ती आईकडे बघायला लागली. परीक्षेत तिने त्यावर गुण मिळवले होते. आपण दर महिन्याला जे करतो तेच हे, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

मग आम्ही नव्याने कागद घेतला. आधी तिने निवडलेली जाहिरात समोर ठेवली. एमआयडीसीतल्या एका कारखान्याला अकाउंट्स असिस्टंट हवा होता, टॅली, जीएसटीची जुजबी माहिती आणि एक्सेल मागितलं होतं, फ्रेशर चालणार होता. जाहिरात न वाचता रेझ्युमे लिहायला बसू नये असं माझं ठाम मत आहे. तीत मागितलेलं आणि आपण खरोखर केलेलं, यांची गाठ पडेल ते वर यायला हवं.

सगळं आधी मराठीत लिहून काढलं. सुचतं आपल्या भाषेत. थेट इंग्रजीत लिहायला बसलं की इतरांची वाक्यं उचलली जातात. बचत गटाबद्दल तिने लिहिलं: ‘बारा सभासदांच्या महिला बचत गटाचे लेखे तीन वर्षे सांभाळले. दरमहा बचत, अंतर्गत कर्ज व व्याजाच्या नोंदी. पासबुकाशी मासिक ताळमेळ. हातातील शिल्लक नोंदवण्याची पद्धत सुरू केली.’ नंतर त्याचं साधं इंग्रजी केलं. शीर्षक मात्र ‘नोकरीचा अनुभव’ असं दिलं नाही, कारण ती नोकरी नव्हती. ‘हिशोबाचे प्रत्यक्ष काम’ म्हटलं, आणि ते विनावेतन होतं हेही लिहिलं.

चांदण्या काढून टाकल्या. ‘टॅली चार चांदण्या’ यातून वाचणाऱ्याला काय कळणार? त्याऐवजी तिला काय जमतं ते लिहिलं: खरेदी-विक्रीच्या नोंदी, लेजर, जीएसटीसह बिल. एमएस-सीआयटी होतं, ते एका ओळीत. एनएसएसचं सात दिवसांचं शिबीर होतं, त्यात शिधा-खर्चाचा हिशोब हिच्याकडेच होता, तेही आलं. आधार क्रमांक काढला, तो असा ओळखीपाळखीशिवाय वाटत सुटणं धोक्याचं असतं. जात, धर्म, वैवाहिक स्थिती यांचा खासगी कंपनीतल्या या कामाशी संबंध नव्हता. एक पान भरलं, आणि ते पुरेसं होतं.

दुसऱ्या वर्षी कॉस्टिंगला एटीकेटी लागली होती, ती लिहायची का? लिहायची गरज नाही, अंतिम निकाल लिहावा. पण मुलाखतीत विचारलं तर सरळ सांगावं, विषय कसा सोडवला तेही सांगावं.

चुलत भाऊ ओळखीच्या दुकानातून सहा महिन्यांचं अनुभवपत्र आणून द्यायला तयार होता. याला मी कडक विरोध केला. कंपन्या फोन करून विचारतात, पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा क्रमांक, असेल तर आधीच्या नोकऱ्या त्यात दिसतात, आणि मुलाखतीत ‘तिथे रोजची बिलं किती असायची?’ एवढ्या प्रश्नावर खोटं उघडं पडतं. त्याहून मोठं कारण मी तिला सांगितलं. हिशोबाच्या खात्यात माणूस घेतात तो विश्वासावर. तीन वर्षं बायकांचा पैसा चोख ठेवलेल्या मुलीने खोट्या कागदाने सुरुवात का करावी?

प्रत्येकाच्या घरी बचत गट नसतो, हे मान्य. पण वडिलांच्या कृषी सेवा केंद्रातली उधारीची वही, मंडळाची वर्गणी, शिकवण्या, गोठ्यातल्या दुधाचा हिशोब, यांतलं काहीतरी निघतं. किती जणांसाठी, किती काळ, काय केलं आणि कोण खात्री देईल, एवढं विचारा. त्यातूनही काही हाती लागलं नाही, तर शिकाऊ उमेदवारीचा रस्ता आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली पदवीधरांनाही घेतात, विद्यावेतन मिळतं, शेवटी प्रमाणपत्र मिळतं. राज्याच्या 2024 मधल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून ज्यांनी काम केलं, त्यांनी ते नक्की लिहावं, आणि कार्यालयाच्या नावापुढे आपण तिथे काय केलं तेही लिहावं.

त्या कारखान्याकडून तिला उत्तर आलं नाही. नंतर एका करसल्लागाराच्या ऑफिसातून बोलावणं आलं. तिथे गटाच्या कर्जावर व्याज कसं काढता, असं विचारलं. “उरलेल्या मुद्दलावर,” म्हणत तिने एका सभासदाचं खातं कागदावर मांडून दाखवलं. तीन महिने प्रशिक्षणार्थी म्हणून घेतलं आहे. पगार बेताचा आहे, बसभाडं जाऊन फार उरत नाही, हे आईने फोनवर मोकळेपणी सांगितलं. मुलीने मात्र एक वही केली आहे. कोणत्या महिन्यात किती बिलं नोंदवली, कोणतं विवरणपत्र स्वतः तयार केलं, कुठे फरक सापडला, हे ती शनिवारी त्यात लिहून ठेवते. पुढचा रेझ्युमे त्यातूनच लिहायचा, असं आमचं ठरलं आहे.