नवा कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय आणि कस्टमर केअर म्हणतं फॉरमॅट करा

प्रश्न: दादा नमस्कार, मी गोव्यातल्या साखळीची, घरीच डीटीपी, म्हणजे छपाईसाठी मजकूर टाइप करून पानं लावायचं काम करते. जत्रेच्या, काल्याच्या नाटकांच्या संहिता, लग्नपत्रिका, आणि चवथ म्हणजे गणेश चतुर्थी जवळ आली की घुमट हे वाद्य वाजवून आरत्या म्हणणाऱ्या पथकांच्या आरत्यांच्या पुस्तिका. जुना कॉम्प्युटर नऊ वर्षं चालला पण त्यावर विंडोज ११ चढत नाही आणि १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, म्हणून म्हापशाच्या एका दुकानातून ५२ हजारांचा नवा डेस्कटॉप घेतला, चांगल्या नावाच्या कंपनीचा, तीन वर्षं घरी येऊन दुरुस्ती करण्याची वॉरंटी. चौथ्या दिवशी काम करता करता स्क्रीन काळी झाली, इंग्रजीत दोन ओळी आल्या आणि आपोआप रिस्टार्ट. मग रोजच सुरू झालं, कधी एकदा, कधी चारदा. एकदा चौतीस पानांची पुस्तिका सेव्ह होत असतानाच गेला, नंतर फाईल उघडेचना, रात्री दोनपर्यंत बसून सगळी परत टाइप केली.

कस्टमर केअरला सात फोन झाले. प्रत्येक वेळी नवीन माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि उत्तर एकच, विंडोज फॉरमॅट करा. दोनदा केलं. एक जण म्हणाला तुम्ही पेजमेकर वापरता, ते जुनं सॉफ्टवेअर आहे म्हणून होतंय. शेवटी इंजिनियर पाठवतो म्हणाले, मी दोन दिवस घराबाहेर पडले नाही, कोणी आलं नाही आणि मोबाईलवर मेसेज आला की ग्राहक उपलब्ध नसल्यामुळे तक्रार बंद करण्यात आली आहे. दुकानदार म्हणतो आम्ही फक्त विकतो, पुढचं कंपनी बघणार, बिलावर पण छापलंय विकलेला माल परत घेतला जाणार नाही. घरचे म्हणतात लाईटचा प्रॉब्लेम असेल. आज बिलाला २२ दिवस झाले. काय करू?

उत्तर: ताई, तुमचा मेल वाचला त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला कारण माल परत करायचे बिलापासूनचे ३० दिवस भरत आले होते, अंक छापून येईपर्यंत थांबून चाललं नसतं. तेव्हा जे बोललो तेच इथे नीट लिहितोय कारण अशाच तक्रारीची आणखी पत्रं पडली आहेत.

आधी ते फॉरमॅटचं. तिसऱ्यांदा करू नका. दोनदा केलंत ते वाया गेलं असं तुम्ही फोनवर म्हणालात, पण तुमच्या हातातला सगळ्यात मोठा पुरावा तोच आहे. विंडोज कोरं करकरीत टाकलं, पेजमेकर अजून चढवलंही नव्हतं आणि तरी दुसऱ्या दिवशी युट्यूब बघताना मशीन पडलं, मग पेजमेकरचा दोष कसा? जुनं सॉफ्टवेअर बिघडलं तर बहुतेक वेळा ते एकटं बंद पडतं, खिडकी गोठते, फार तर फाईल जाते. पूर्ण मशीन कोड दाखवून रिस्टार्ट होतं तेव्हा आधी ड्रायव्हर, म्हणजे मशीनचे भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, किंवा हार्डवेअरकडे बघायचं. आणि फॉरमॅट केलं की विंडोजने आत लिहून ठेवलेल्या क्रॅशच्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात, म्हणजे ज्या गोष्टीवरून दोष सापडला असता तीच दर वेळी कस्टमर केअरच्या सांगण्यावरून आपल्याच हाताने पुसायची. याचा मला मनापासून राग येतो. फोनवरच्या त्या पोराचा नाही, त्याच्यासमोर जे लिहून दिलेलं असतं तेच तो वाचतो, पण ज्यांनी ते लिहून दिलंय त्यांना हे कळत नसेल असं मला वाटत नाही.

त्या नोंदी कुठे असतात ते सांगतो. स्टार्टच्या शोधात इंग्रजीत रिलायबिलिटी टाइप करा, व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी असं येईल ते उघडा. तारखांचा तक्ता दिसतो आणि ज्या दिवशी मशीन पडलं त्या दिवसावर लाल गोल फुली. तुम्ही तो उघडून फोटो पाठवलात त्यात नऊ दिवसांत अकरा लाल फुल्या होत्या. फुलीवर क्लिक केलं की खाली तपशील येतो. याचे फोटो मोबाईलवर काढून ठेवायचे, आणि क्रॅशच्या वेळी येणाऱ्या स्क्रीनचाही काढायचा. पूर्वी ती निळी असायची, विंडोज ११ मध्ये आता काळी केलीय त्यामुळे पुष्कळ लोकांना वाटतं मॉनिटरच गेला. तिच्यावर तळाला जो कोड असतो तो महत्त्वाचा.

तुमच्या तीन फोटोंत तीन वेगळे कोड होते, एकात मेमरी मॅनेजमेंट, एकात पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, तिसऱ्यात आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल. एकाच ड्रायव्हरची खोड असेल तर बहुतेक तोच तोच कोड परत येतो. कोड बदलत राहतात, काम कुठलंही चालू असो मशीन पडतं, फाईल सेव्ह होताना खराब होते, हे सगळं एकत्र आलं की माझा पहिला संशय रॅमवर, म्हणजे चालू काम तात्पुरतं ठेवणाऱ्या मेमरीवर. रॅमच्या पट्टीतला एखादा कोपरा खराब असतो, तिथे लिहिलेलं परत वाचताना वेगळंच निघतं, आणि त्या कोपऱ्यात त्या क्षणी विंडोजचं काय पडलेलं आहे त्यावर कोड ठरतो. तुमची पुस्तिकेची फाईल गेली तीही अशीच गेली असावी. म्हणून मशीन बदलून मिळेपर्यंत कामाच्या फाईली रोज पेनड्राईव्हवर घ्या, आणि त्याच फाईलवर कॉपी न करता तारखेच्या वेगळ्या फोल्डरमध्ये, कारण खराब झालेली फाईल चांगल्या फाईलवर बसली तर दोन्ही गेल्या.

लाईटचं घरच्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. आपल्याकडे पावसात दिवसातून कितीदा लाईट येते जाते ते सगळ्यांना माहीत आहे. पण लाईटमुळे मशीन पडतं तेव्हा ते काही न बोलता फट्कन बंद होतं, स्क्रीनवर कोड दाखवायला त्याला वेळच मिळत नाही. तुमचं कोड दाखवून पडतंय. तरी कंपनी हेच कारण पुढे करणार म्हणून दोन गोष्टी बघून घ्या. इन्व्हर्टर असेल तर बऱ्याच इन्व्हर्टरना यूपीएस आणि नॉर्मल असं बटण असतं, ते यूपीएसवर हवं, नॉर्मलवर लाईट गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला जो उशीर लागतो तेवढ्यात कॉम्प्युटर रिस्टार्ट होऊ शकतो. दुसरं अर्थिंग. जांभ्या दगडाच्या जुन्या घरांत वायरिंग नंतर कधीतरी केलेलं असतं, तीन पिनांचा सॉकेट भिंतीवर बसवलेला पण तिसऱ्या पिनमागे वायरच नाही असं मी स्वतः किती घरांत बघितलंय. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात? तर इलेक्ट्रिशियन बोलवून अर्थिंग तपासून घ्या, त्याच्याकडून तारीख घालून दोन ओळी लिहून घ्या.

रॅमची चाचणी घरी होते. शोधात विंडोज मेमरी डायग्नोस्टिक टाइप करा, रिस्टार्ट होऊन निळ्या पडद्यावर चाचणी सुरू होईल, तेव्हा एफ-१ दाबून एक्स्टेंडेड निवडा आणि एफ-१० दाबा. कित्येक तास लागतात, रात्री लावून झोपा. त्यात काही निघालं नाही तर पेनड्राईव्हवरून चालणारं मेमटेस्ट-८६ त्याहून कडक आहे, फुकट मिळतं. एक जरी चूक निघाली तरी रॅम खराब धरायची, थोडीशी खराब रॅम असा प्रकार नसतो. कॅबिनेट मात्र स्वतः उघडू नका. रॅम काढून खोडरबरने घासून परत लावायचा उपाय कोणीतरी सांगेलच, जुन्या मशीनला मीही करतो, पण वॉरंटीतल्या नव्या मशीनवर तुमचा हात लागला की तेच निमित्त होईल.

आता कंपनी. आठवा फोन करू नका. फोनवर बोललेलं त्यांच्या संगणकात राहतं, तुमच्याकडे काही राहत नाही. मेल करा, कंपनी आणि दुकान दोघांनाही एकाच मेलवर. लांबलचक गाऱ्हाणं नको. बिलाची तारीख, मशीनचा सिरियल नंबर, किती दिवसांत कितीदा पडलं, दोनदा फॉरमॅट करून काय झालं, सातही तक्रारींचे नंबर, इंजिनियर न येता तक्रार बंद केल्याचा मेसेज, चाचणीचा फोटो. शेवटी मागणी स्पष्ट हवी, "मशीनमध्ये दोष आहे, ते बदलून द्या किंवा पैसे परत करा, ७ दिवसांत लेखी उत्तर द्या." बघा आणि सांगा असं लिहिलं की परत फॉरमॅटचं उत्तर येतं.

बिलावरच्या त्या वाक्याला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दोष असलेला माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुमच्या बिलावर मुदत नाही म्हणजे ३० दिवस धरायचे, तेवढ्यासाठीच त्या दिवशी फोनवर घाई केली. दुकानात स्वतः जा, मेलमधल्याच मजकुराचं पत्र आणि त्याची दुसरी प्रत घेऊन जा, तिच्यावर पोच म्हणून सही शिक्का घ्या. देत नसतील तर त्याच दिवशी पोस्टात जाऊन स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती बिलाला टाचून ठेवा.

तरी हलले नाहीत तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, मराठीतून बोलता येतं. ते कंपनीला तक्रार पाठवतात, आदेश देऊ शकत नाहीत, पण तुमची तक्रार कस्टमर केअरच्या बाहेरच्या माणसापर्यंत पोचण्याची शक्यता वाढते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं ऑफिस कुठल्याही राज्यात असो, तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी उत्तर गोवा. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाईन दाखल होते, मुदत २ वर्षं. एक गोष्ट मात्र तक्रारीत आठवणीने लिहा. तुम्ही यावर पैसे कमावता म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, हा व्यापारी वापर आहे, असं कंपनीचा वकील म्हणू शकतो. पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून स्वतः वापरायला घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी वापरात मोडत नाही. तेव्हा "मी एकटी घरी बसून हे काम करते आणि यावरच माझा उदरनिर्वाह चालतो" हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात घाला.

हे छापायला देताना ताईंचा मेल आलाय. मेमरीच्या चाचणीत पहाटे दोष निघाला, फोटो जोडून मेल गेला, दुकानदाराने पत्रावर सही दिली. कंपनी रॅम बदलायला माणूस पाठवतो म्हणतेय. ताई, पाठवू दे, पण काय बदललं ते त्याच्याकडून लिहून घ्या आणि रात्रभर चाचणी परत लावा. तीही नापास झाली तर बदली मशीनशिवाय काही घेऊ नका.

प्रश्न: मी मडगावचा, कॉलेजात आहे. लॅपटॉप हँग होत होता म्हणून पप्पांनी इंटरनेटवर कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधून फोन लावला. समोरच्याने मोबाईलवर एक अ‍ॅप टाकायला सांगितलं आणि रजिस्ट्रेशनचे १० रुपये भरा म्हणाला. पप्पांनी भरले नाहीत पण अ‍ॅप टाकलंय. काही होईल का?

उत्तर: तो कंपनीचा माणूस नव्हता असंच धरून चाल. त्या अ‍ॅपमधून तुमची मोबाईलची स्क्रीन त्याला दिसते, १० रुपये भरताना टाकलेला पिन आणि येणारा ओटीपी त्याला बघायचा असतो. मोबाईलचं इंटरनेट आधी बंद कर, अ‍ॅप काढून टाक, मग दुसऱ्या मोबाईलवरून बँकेचा पासवर्ड आणि यूपीआय पिन बदला. खात्यातून काही गेलेलं दिसलं तर एक मिनिट न थांबता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन आणि मग बँकेला, जितक्या लवकर कळवाल तितके पैसे मधेच अडवता येण्याची शक्यता जास्त. पप्पांना रागावू नकोस, शोधात वर येणारे खोटे नंबर खऱ्यासारखेच दिसतात. कंपनीचा नंबर वॉरंटी कार्डावर किंवा खोक्यावर छापलेला असतो, तोच मोबाईलमध्ये पप्पांच्या नावांच्या यादीत सेव्ह करून दे.

प्रश्न: ऑनलाईन लॅपटॉप घेतला, तक्रारीला उत्तरच येत नाही. (पेडणे)

उत्तर: ज्या साईटवरून घेतला तिथे तळाला ग्रिव्हन्स ऑफिसरचं, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याचं, नाव आणि मेल द्यावाच लागतो, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तसं आहे. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा. चॅटवर वेळ घालवण्यापेक्षा त्याला लिहा, आणि खोका फेकला असेल तर निदान सिरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो लॅपटॉपच्या खालून काढून ठेवा, तो घासून पुसट होतो.