परदेशातली स्वतःची गाडी परत येताना भारतात आणता येते का?

तुम्ही विचारलंय की ब्रिटनमध्ये चार वर्षं राहून परत येताना तिथली दोन वर्षं वापरलेली गाडी घरसामानाच्याच कंटेनरमध्ये घातली, तर ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’मध्ये (मुक्काम हलवून परतणाऱ्यांना घरसामानावर मिळणारी सीमाशुल्काची सवलत) तिचंही शुल्क माफ होईल का. नाही होत. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात बॅगेजची, म्हणजे प्रवाशाच्या सामानाची, व्याख्याच अशी आहे की मोटारगाडी त्यात येत नाही. फ्रिज-टीव्हीचं काय ते वेगळं बघा, गाडी म्हणजे सरळ आयात.

हे मला तोंडपाठ का आहे, तेही ऐका.

२०१८ साली आम्ही बर्मिंगहॅमहून परत निघालो. निळी होंडा जॅझ, पहिली नोंदणी मार्च २०१६. मुलीला हॉस्पिटलातून घरी आणलं ते याच गाडीतून, त्यामुळे बायकोचा तिच्यात जीव अडकलेला. आणि इकडे सासऱ्यांनी अर्ध्या गोतावळ्यात सांगून टाकलं होतं की जावई विलायतेहून गाडीसकट येतोय. मी नियम वाचलेले. जुनी गाडी तीन वर्षांपेक्षा म्हातारी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, स्पीडोमीटरवर किलोमीटर हवेत, आणि उतरवायची ती फक्त मुंबई बंदरात. (दुबईवाल्यांनी इथेच वाचणं थांबवलं तरी चालेल, तिथलं स्टिअरिंग डावीकडे.) मार्च २०१६ म्हणजे मार्च २०१९ पर्यंत मुदत आणि गाडी पोचणार ऑक्टोबर २०१८ मध्येच. आमच्या स्पीडोमीटरवर मैल ठळक आणि किलोमीटर आत बारीक अक्षरात, त्या काळजीत मी आठवडाभर झोपलो नाही. भलत्याच गोष्टीची काळजी करत होतो.

जहाजाचं बुकिंग झाल्यावर मुंबईच्या क्लिअरिंग एजंटचा फोन आला. “साहेब, गाडीत जाऊन बसा. ड्रायव्हरचा सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढा. खाली एक पट्टी शिवलेली असेल, ती वाचून दाखवा.”

बाहेर पाऊस. मी गाडीत बसून बेल्ट ओढतोय, तो अडकतोय, पुन्हा सोडतोय. शेवटी पट्टी दिसली. बाकी बेल्ट हात लागून लागून तेलकट झालेला, आणि हा तुकडा कोरा करकरीत, कारण तेवढा तो कधी बाहेर आलाच नव्हता. त्यावर बेल्ट बनल्याची तारीख, जुलै २०१५.

एजंट दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, “वय गाडी बनल्यापासून मोजतात, नोंदणीपासून नाही.”

तिथल्या लॉगबुकवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, उत्पादनाची तारीख नसते. ती लेखी मागवली तर निघाली ऑगस्ट २०१५. म्हणजे कोणी विकत घेईपर्यंत गाडी सहा-सात महिने कुठल्यातरी आवारात उभ्या उभ्या म्हातारी होत होती. आम्ही पोचायच्या दोन महिने आधीच तिची तिशी... सॉरी, तिची तीन वर्षं भरली होती. बुकिंगची अनामत बुडाली ती बुडालीच.

त्याच एजंटने शुल्काचा हिशेबही मांडला, म्हणून दुःख लवकर आवरलं. जुन्या गाडीवर मूळ शुल्क १२५ टक्के, त्यावरचा अधिभार धरून १३७.५. ते किमतीत मिळवून जी रक्कम होते तिच्यावर २८ टक्के जीएसटी आणि आमच्या गाडीला १७ टक्के सेस. सगळं मिळून किमतीच्या २४४ टक्के. गाडी दहा लाखांची धरली तर शुल्क जवळपास साडेचोवीस लाख. बरं, ही किंमत म्हणजे तुम्ही दिलेली किंमत नव्हे, इथेच घोडं पेंड खातं. गाडी नवी असतानाची किंमत घेतात आणि पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच अशी घट देतात. तीन वर्षांची मिळून ३८ टक्के. बाजारात गाडी निम्म्याने पडली असली तरी कस्टम्सच्या कागदावर ती तरणीताठी. वर जहाजभाडं आणि विमा. मग एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेची चाचणी, मग आरटीओ. आणि हीच जॅझ तेव्हा इथल्या शोरूममध्ये दहा लाखांच्या आत कोरी मिळत होती! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

तेव्हा आणू नका. तिथेच विका, पैसे घेऊन या. कोणी म्हणेल कार्नेवर (शुल्क न भरता गाडी तात्पुरती आणायचा परवाना) आणून ठेवू, तर ती सोय फिरायला येणाऱ्यांची, सहा महिन्यांत गाडी परत न्यावी लागते.

हो, माझे आकडे २०१८ चे आहेत. २०२५ च्या अर्थसंकल्पात जुन्या गाडीचं मूळ शुल्क ७० टक्क्यांवर आणलं, पण ६७.५ टक्के कृषी अधिभार लावला, म्हणजे बेरीज पुन्हा १३७.५. जीएसटी आणि सेसचीही त्याच वर्षी फिरवाफिरव झाली, ते एजंटला विचारा. शिवाय १ एप्रिल २०२० पासून इथे गाडीच्या धुरासाठी बीएस-सहा नियम आहेत, तेही बघावं लागेल. एखादी दुर्मिळ गाडी असेल आणि पैसा उतू जात असेल तर तुमची मर्जी.

सासरे मात्र अजून म्हणतात की मी पैशाला घाबरलो. दर दिवाळीला त्यांच्या शेजाऱ्यांच्या पुतण्याचा दाखला असतो, “तो नाही का अमेरिकेहून गाडी घेऊन आला!” अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे असतं हे सांगून मी थकलो. गेल्या वर्षी त्या पुतण्यालाच गाठून विचारलं. त्याने गाडी परत आल्यावर मुंबईच्या शोरूममधून घेतली होती, हप्त्यांवर. मी लगोलग सासऱ्यांना सांगितलं.

ते म्हणाले, “घेतली ना पण?”

वरचा हिशेबाचा परिच्छेद आता त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवतोय.