ऑनलाइन चित्रं विकायचीत? आधी फाईल नीट कर

वेंगुर्ल्याच्या बंदरावरच्या होड्यांची तुझी चित्रं पाहिली. रंगांवर हात छान बसलाय, रेडबबलवर, म्हणजे आपली चित्रं टी-शर्ट, स्टिकर, प्रिंटवर छापून विकणाऱ्या साइटवर, दुकान जरूर उघड.

सगळ्यात महत्त्वाची फाईल. मोबाइलवरचा फोटो स्टिकरला खपून जातो. मोठ्या प्रिंटवर मात्र कागदाची सावली आणि धूसर कडा लगेच दिसतात. चित्र स्कॅन करून घे. ए४ कागदावरचं असेल तर ६०० डीपीआयला (एका इंचात ६०० ठिपके), म्हणजे ३०० डीपीआयची ए२ प्रिंट, लांबी-रुंदीला दुप्पट, स्वच्छ निघते. टी-शर्टसाठी मागचा पांढरा भाग काढून पीएनजी (मागचा भाग पारदर्शक ठेवणारी फाईल) कर, नाहीतर काळ्या कापडावर पांढरा चौकोन छापून येतो.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- नुसता ‘समुद्र’ टॅग (गिऱ्हाईक ज्यावरून शोधतं तो शब्द) लावतात आणि गर्दीत हरवतात. ‘कोकणातली मासेमारी होडी’ असं नेमकं, इंग्रजीतून लिही.
- सिनेमातले हिरो, कार्टून काढतात. कॉपीराइटच्या हक्काची तक्रार आली की चित्र साइटवरून हटवलं जातं, कधी खातंही बंद होतं. पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची तिथली पारंपरिक कला, तीसुद्धा जशीच्या तशी उतरवून विकू नकोस, ती त्या कलाकारांची पोटापाण्याची कला आहे.
- किमतीतला स्वतःचा वाटा अगदीच कमी ठेवतात. छपाई-पाठवणी कंपनी करते, पण चित्र तुझं आहे!

पहिली प्रिंट स्वतःच मागवून रंग तपास. जाहिरातीचं नंतर बोलू.