रक्ततपासणी निगेटिव्ह आली, तर हायडॅटिड सिस्ट नाही असे समजावे का?

तुमच्या वडिलांच्या यकृतात सोनोग्राफीत पाण्याची मोठी गाठ दिसली, डॉक्टरांनी हायडॅटिडची, म्हणजे कुत्र्याच्या फीतकृमीमुळे होणाऱ्या गाठीची, शंका घेतली आणि रक्ताची एलायझा ही तपासणी मात्र निगेटिव्ह आली. म्हणून हा आजार नाहीच का, असे तुम्ही विचारले आहे. तसे समजू नका. मी बरीच वर्षे प्रयोगशाळेत याच तपासण्या करते, आणि या एका कागदावर निश्चिंत होणारे नातेवाईक पाहिले की मला काळजी वाटते.

ही तपासणी जंत शोधत नाही. जंताविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडे शोधते. कुत्र्याच्या आतड्यातील एकायनोकॉकस या फीतकृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली की अळी यकृतात किंवा फुफ्फुसात जाऊन गाठ करते, आणि त्या गाठीभोवती थरावर थर असलेले जाड आवरण तयार होते. आवरण अभंग असेपर्यंत आतला द्रव बाहेर फारसा झिरपत नाही, त्यामुळे शरीराला शत्रूची नीट ओळखच पटत नाही. म्हणूनच यकृतात गाठ असलेल्या दहांपैकी एक-दोन रुग्णांत आणि फुफ्फुसात गाठ असलेल्या दहांपैकी सुमारे चार जणांत तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. अगदी नवी, लहान गाठ किंवा जुनी, कॅल्शियम साचून निष्क्रिय झालेली गाठही अशीच गप्प राहते. उलट गाठीला चीर गेली की प्रतिपिंडे झपाट्याने वाढतात.

पॉझिटिव्ह अहवालही डोळे झाकून मानू नये. एलायझाच्या प्लेटमधली खळगी पिवळी झाली, तरी तो रंग डुकरातील फीतकृमीमुळे होणाऱ्या सिस्टिसर्कोसिसच्या प्रतिपिंडांमुळेही आलेला असू शकतो. शंका असेल तेव्हा इम्युनोब्लॉट करतात, म्हणजे जंताच्या वेगवेगळ्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे पट्टीवर वेगवेगळी दाखवणारी तपासणी; कागदासारख्या अरुंद पट्टीवर ८ किलोडाल्टनपाशी (किलोडाल्टन हे प्रथिनाच्या वजनाचे माप) उमटलेली बारीकशी रेघ मला त्या पिवळ्या रंगापेक्षा कितीतरी विश्वासाची वाटते. शिवाय शस्त्रक्रियेनंतरही प्रतिपिंडे काही वर्षे रक्तात राहतात, म्हणून केवळ त्यांवरून आजार उरला आहे असेही म्हणता येत नाही.

तुमच्या बाबतीत निर्णायक ठरेल ती सोनोग्राफीतील गाठीची ठेवण. दुहेरी भिंत, आत मोठ्या गाठीच्या पोटातल्या लहान गाठी, किंवा सुटून द्रवात तरंगणारा पडदा यांपैकी काही दिसते का, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या, गाठीची अवस्था सांगणाऱ्या सीई १ ते सीई ५ या वर्गीकरणात गाठ कुठे बसते, हे रेडिओलॉजिस्टना आवर्जून विचारा. चित्र संशयास्पद असेल तर वेगळ्या पद्धतीची दुसरी रक्ततपासणी करून घ्यावी. तोवर निगेटिव्ह अहवालाच्या भरवशावर ही साधी गाठ समजून कोणी सुईने पाणी काढायला निघाले, तर त्यांना हायडॅटिडची शंका आधी सांगा, कारण आतला द्रव पोटात सांडला तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते आणि नव्या गाठींचे बीजही पसरते. हे काम अनुभवी डॉक्टरांनी, अल्बेंडाझोल हे जंतनाशक औषध आधी सुरू करूनच करायचे असते.