एअर पिस्तुलाचे शॉट खाली-डावीकडे जातात, आणि पावसाळ्यात पिस्तूल कसं जपायचं?

तुमचा प्रश्न असा: रत्नागिरीत इनडोअर रेंजवर १० मीटर एअर पिस्तूल मारताय, हात उजवा, बरेच शॉट खाली-डावीकडे जातात, साइट (नेम धरायचा पिस्तुलावरचा भाग) फिरवूनही उपयोग नाही. शिवाय पावसाळ्यात पिस्तूल कसं सांभाळायचं?

आधी साइटला हात लावणं थांबवा. एका कार्डावर, म्हणजे कागदी टार्गेटवर, १० शॉट मारा. दहाही एकाच ठिकाणी, पण बाजूला पडले तर दोष साइटचा. चार दहाच्या रिंगमध्ये आणि बाकीचे घड्याळात सातचा आकडा असतो त्या दिशेला, म्हणजे खाली-डावीकडे, ओघळलेले असतील तर दोष बोटाचा. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारात बसतं.

होतं असं की पुढची साइट जागेवर आली की डोकं म्हणतं ‘आत्ता!’ आणि तर्जनीबरोबर सगळी मूठ आवळली जाते. करंगळी-अनामिका नळी खाली खेचतात. दहाची रिंग जेमतेम ११.५ मिलिमीटरची आहे, त्यामुळे एवढंसं खेचलं तरी शॉट थेट आठ-सातमध्ये.

यावर उपाय ड्राय फायर, म्हणजे पेलेट (शिशाची छोटी गोळी) न भरता नुसता ट्रिगर दाबणं. मॅच (स्पर्धेच्या) पिस्तुलात त्याची वेगळी सोय असते. स्प्रिंगच्या पिस्तुलावर मात्र रिकामं मारू नका, पिस्टन आदळून सील खराब होतं. टार्गेट न लावता कोऱ्या पांढऱ्या भिंतीकडे मारा आणि ‘टक्’ होताना पुढची साइट हलली का एवढंच बघा. वीस-तीस ड्राय, मग दहा खरे, असं आलटून-पालटून करा. ट्रिगरचं वजन नियमाने किमान ५०० ग्रॅम लागतं; त्यातला बराचसा भार पहिल्या टप्प्यातच घ्या, म्हणजे शेवटी फार थोडं दाबायचं उरतं. नेम टार्गेटवरच्या काळ्या वर्तुळाच्या मध्यावर धरू नका, खाली पांढरी पट्टी सोडून धरा. नजर पुढच्या साइटवर, काळं धूसर दिसलं पाहिजे. हात थोडा डुलणारच, सगळ्यांचा डुलतो. आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली घ्या. हे जिवावर येतं, पण ताणून धरलेला शॉट बहुधा वायाच जातो.

आता पावसाळा. कागदी कार्ड दमट झालं की सपाट तोंडाचा पेलेटही गोल भोक पाडत नाही, कागद फाटतो आणि गुण मोजताना वाद होतात. कार्डं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, पेलेटही तसेच. शिशावर पांढरी भुकटी दिसली तर ते पेलेट टाकून द्या. हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही. रेंजही कोरड्या झाडूने झाडू नका, शिशाची धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसा.

सराव संपला की घाम लागलेलं स्टील पुसून तेलाचा पातळ हात फिरवा. घरी आल्यावर पेटी उघडी ठेवा. फोम ओल धरून ठेवतो, आणि खाऱ्या हवेत गंज तिथूनच सुरू होतो. लाकडी ग्रिप जुलैत फुगून घट्ट वाटली म्हणून लगेच पॉलिश पेपरने घासू नका, डिसेंबरात ती ढिली होईल.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं पिस्तुलाच्या दाबाखालच्या हवेच्या सिलिंडरकडे. पावसाळ्यात हातपंपाने भरलं तर हवेतलं पाणी आत जातं, रेग्युलेटर (हवेचा दाब एकसारखा ठेवणारा भाग) बिघडतो आणि शॉट वर-खाली होऊ लागतात. स्कूबाच्या बाटलीतून भरणं उत्तम; मालवण-तारकर्लीकडे डायव्हिंगवाल्यांकडे कॉम्प्रेसर असतात आणि श्वासाची हवा असल्याने ती गाळून कोरडी केलेली असते. जोडणीचा अ‍ॅडॉप्टर तुमच्या पिस्तुलाचाच हवा. सावकाश भरा, २०० बारच्या वर जाऊ नका. ऑक्सिजन तर कधीच नाही, तेलाचा अंश असला तर स्फोट होतो. पिस्तूल सेकंडहँड असेल तर सिलिंडरवरची तारीख आजच बघा. बऱ्याच युरोपीय कंपन्या १० वर्षांनंतर तो बदलायला सांगतात.