ग्रुप गजबजलेला, ग्रामसभा ओस

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका गावाची सरपंच आहे. माझे वय सव्वीस, शिक्षण बी.एस्सी. निवडून आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप सुरू केला. पाणी कधी सुटणार, दाखल्यांसाठी ग्रामसेवक कोणत्या दिवशी येणार, हे सारे तेथे कळते आणि त्याबद्दल लोक समाधानी आहेत. मात्र ग्रामसभेला गणपूर्ती होत नाही आणि सभा तहकूब करावी लागते. रस्त्यासारखा वादाचा विषय निघाला की ग्रुपवर रात्रभर एकमेकांची उणीदुणी काढली जातात. फोनवर मी नेमके लिहू शकते, पण वडीलधारी मंडळी समोर बसली की मला बोलायला सुचत नाही. हे कसे शिकावे?

उत्तर : सरपंचताई, तुमच्या पत्रातच दोन वेगळी कामे दिसतात. पाणी कधी सुटणार हा निरोप आहे आणि तो ग्रुपवर उत्तम पोहोचतो. रस्ता कोणाच्या बांधावरून जाणार हा निर्णय आहे. त्यात कोणाची तरी दोन हात जमीन जाते, कोणाचे तरी जुने वैर जागे होते आणि हे सारे माणसांच्या समोर बसूनच सोडवावे लागते. ग्रुप निरोपांपुरता ठेवा. त्यावर फक्त ॲडमिनलाच संदेश पाठवता येतील अशी सोय करून घ्या आणि तसे का केले, हे सभेत स्वतः सांगा. नाहीतर तोंड बंद केल्याचा आरोप तुमच्यावर येईल आणि तो अगदीच गैरवाजवी ठरणार नाही.

गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. म्हणजे दोन हजार मतदारांच्या गावातही शंभर माणसे पुरतात. ती येत नाहीत याला आळस हे कारण क्वचितच असते. आपल्या बोलण्याने ठरावात एक शब्दही बदलत नाही, हा अनुभव पिढ्यान् पिढ्या घेतल्यावर माणसे घरी बसतात. तेव्हा पुढच्या सभेत एक तरी विषय असा ठेवा, ज्याचा निकाल खरोखरच अजून लागलेला नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाकडून येथे पुष्कळ शिकण्यासारखे आहे. तेथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची रीत आहे. त्याच्या जोडीला अभ्यासगट चालतो; विषयाची माहिती मिळवायची, शंका काढायच्या, बाहेरच्या जाणकाराला विचारायचे, हे सारे त्या गटात होते, पण निर्णय तेथे होत नाही, तो ग्रामसभेतच होतो. याच गावाला वन हक्क कायद्याखाली 2009 साली सामूहिक वनहक्क, म्हणजे आपले जंगल गावाने मिळून वापरण्याचा आणि राखण्याचा हक्क, मिळाला. कायद्याची कलमे गावकऱ्यांनी आपल्या भाषेत एकमेकांना समजावून घेतली नसती, तर एवढी चिवट मागणी त्यांना लावून धरता आली नसती, असे मला वाटते. तुमच्या गावातही रस्त्याचा नकाशा घेऊन आठ-दहा जण सभेआधी दोनदा बसले, तर सभेत आवाज चढण्याचे प्रसंग कमी होतील.

आता वडीलधाऱ्यांसमोर न सुचण्याबद्दल. सभेच्या दिवशी एकदम चाळीस जणांपुढे उभे राहण्याऐवजी आधी त्यांच्या घरी, ओसरीवर जा आणि जाताना भाषण नव्हे, प्रश्न घेऊन जा. ‘तात्या, हा रस्ता तुमच्या आठवणीत आधी कुठून जात होता?’ असे विचारल्यावर तात्या बोलू लागतील. तुमचे काम ऐकण्याचे आणि वहीत टिपून घेण्याचे. निघताना ‘तुमचे म्हणणे असे आहे, मी बरोबर समजले ना?’ असे त्यांच्याच शब्दांत परत सांगा. समोरचा ‘नाही, तसे नाही’ म्हणाला, तर भेटीचे सार्थक झाले समजा, कारण नेमका तोच गैरसमज पुढे सभेत भांडण ठरला असता. अशा पाच-सहा घरी जाऊन आलात की सभेत बोलताना समोरचे चेहरे ओळखीचे असतील आणि कोणाच्या मनात काय आहे, हेही तुम्हाला ठाऊक असेल. ग्रामसभेआधी होणारी महिला सभा केवळ सह्यांपुरती होऊ देऊ नका. पुरुषांसमोर गप्प राहणाऱ्या अनेक जणी तेथे मोकळेपणाने बोलतात आणि तुमच्या बोलण्याचा सरावही तेथेच सर्वांत सहज होईल.

ग्रुपवर कोणी रागाने लिहिले, तर तेथे उत्तर देऊ नका. त्याला फोन करा, शक्य असेल तर संध्याकाळी गाठा, आणि जे ठरले ते दोघांच्या संमतीने ग्रुपवर लिहा. लिखित शब्दाला आवाज नसतो, चेहरा नसतो. वाचणारा आपल्या मनातला राग त्यात भरतो. अफवांच्या बाबतीत तर हा प्रश्न जिवावर बेततो. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे 1 जुलै 2018 रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून भिक्षेकरी समाजातील पाच निरपराध माणसांचा जमावाने जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच चॅटना पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. परंतु ‘थांबा, मी आधी चौकशी करते’ असे म्हणणारा आणि ज्याचे गाव ऐकते असा माणूस कोणत्याही कंपनीला पुरवता येत नाही. तो अधिकार रोजच्या भेटींतूनच कमवावा लागतो.

प्रश्न : कोल्हापूर जिल्ह्यातील आमच्या दूध संस्थेचा मी तरुण अध्यक्ष आहे. फॅट मोजण्याचे नवे यंत्र बसवले, मोबाईलवर पावती जाऊ लागली, आणि उलट संशय वाढला. ‘यंत्र फॅट मारते’, म्हणजे आहे त्यापेक्षा कमी दाखवते, असे उत्पादक उघड म्हणतात. त्यांना कसे पटवून द्यावे?

उत्तर : पटवून देण्याची घाई करू नका, दाखवून द्या. म्हशीच्या दुधाला फॅटचा एक पॉइंट कमी लागला, तर दहा दिवसांच्या बिलात त्याचा फटका बसतो. म्हणून उत्पादकाचा संशय हा त्याच्या संसाराचा हिशेब आहे, त्याला अडाणीपणा समजू नका. ठरलेल्या दिवशी संकलनाच्या वेळी एकच नमुना सर्वांसमोर दोनदा यंत्रात घाला आणि तोच जुन्या गर्बर पद्धतीनेही, म्हणजे नळीत आम्ल घालून फॅट वेगळे करून, तपासा. फरक आला तर तो फळ्यावर लिहा आणि यंत्र दुरुस्त होईपर्यंत दर कसा धरणार, हे तेथेच सांगा. म्हशी आणि गाईच्या दुधाचे फॅट ऋतूप्रमाणे आणि वैरणीप्रमाणे बदलते, हे समजावण्याचे काम पशुवैद्यकाला किंवा एखाद्या जुन्या, विश्वासू उत्पादकाला करू द्या. जे सर्वांत मोठ्याने तक्रार करतात, त्यांतल्याच दोघांना तपासणीच्या वेळी यंत्राशेजारी उभे करा. आणि ज्या आजींना मोबाईलवरची पावती वाचता येत नाही, त्यांना आकडा मोठ्याने वाचून दाखवण्याची सूचना संकलन करणाऱ्या मुलाला आजच द्या.