धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, पाच भाषांचे कॅथलिक असतील, तर रविवारी सगळ्यांची मिळून एकच मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) ठेवावी की वेगवेगळ्या?

वेगवेगळ्या ठेवा. जमतील तितक्या भाषांत ठेवा.

तुम्ही लिहिलंय की भाषावार मिस्सांमुळे तुमच्याकडे एका छपराखाली पाच चर्च झालीत, लोक एकमेकांना ओळखत नाहीत, आणि म्हणून सगळ्यांची एकच मिस्सा केली तर समाज एकत्र येईल का. नाही येणार. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार आहे हा. कन्फेशनला गुडघे टेकले की, किंवा गेलेल्या आईसाठी प्रार्थना करताना, माणसाच्या तोंडी घरचीच भाषा येते. ती हिसकावून घेतलीत तर चर्चमध्ये गर्दी दिसेल, पण ओळखी काही वाढणार नाहीत.

तावातावाने लिहितोय, कारण नेमका हाच वाद आमच्या पॅरिश कौन्सिलमध्ये चालायचा आणि मी तेव्हा सचिव होतो. भाषांची नावं मुद्दाम देत नाही. दिली की लोक बाकीचं वाचत नाहीत. आमच्या उपाध्यक्षांचं पालुपद होतं, 'एक धर्मग्राम, एक मिस्सा.' ती एक मिस्सा कोणाच्या भाषेत, असं विचारलं की म्हणायचे, 'अर्थात जे जास्त आहेत त्यांच्या.' जास्त कोण, हे सांगायला नकोच.

2016 सालचा पवित्र गुरुवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा गुरुवार. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून त्या संध्याकाळी फादर काही जणांचे पाय धुतात. त्याच वर्षी जानेवारीत रोमहून आदेश आला होता की पाय धुण्याच्या विधीसाठी यापुढे फक्त पुरुषच हवेत असं नाही. पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला होता. देवाच्या प्रजेचं वैविध्य आणि ऐक्य दिसेल असा छोटा गट निवडा, त्यात पुरुष, बायका, तरुण, म्हातारे, धडधाकट, आजारी असे सगळे असू देत, असा त्याचा आशय. मी मीटिंगमध्ये तो वाचून दाखवला. मला वाटलं, पाच मिनिटांत विषय संपेल.

कसला संपतोय! बारा खुर्च्या आणि पाच गट. सगळ्यात मोठ्या गटाने पाच खुर्च्या मागितल्या, कारण कुटुंबं त्यांची जास्त. दुसऱ्या गटाचं म्हणणं, चर्च बांधलं तेव्हा पैसा आमच्या वाडवडिलांनी घातला. तिसऱ्यांनी गायनमंडळात आमचीच मुलं जास्त असल्याची आठवण करून दिली. पाय धुवून घ्यायला एवढी चढाओढ बघून प्रभूच्या बारा शिष्यांतल्या, म्हणजे प्रेषितांतल्या, खुद्द पेत्रालाही लाज वाटली असती. तो बिचारा 'माझे पाय तुम्ही धुवायचे नाहीत' म्हणून प्रभूशी वाद घालत होता. बाराचाच आग्रह कशाला, मिस्साग्रंथात आकडा दिलेलाच नाही, असं मी म्हणालो. त्यावर उपाध्यक्ष म्हणाले, 'मग प्रेषित किती होते, सचिवसाहेब?'

शेवटी प्रत्येक गटप्रमुखाने आपापली नावं द्यायची असं ठरलं. मी एक नाव सुचवलं. एक बाई होत्या, आजाऱ्यांच्या घरी रात्रपाळीने देखभालीचं काम करायच्या आणि कामावरून सरळ पहाटेच्या मिस्साला यायच्या, पायात त्याच चपला. वेदीवरची कापडं धुऊन इस्त्री करणं गेली कित्येक वर्षं त्यांच्याकडे होतं. त्यांची भाषा आमच्या पाचांपैकी कुठलीच नव्हती. धर्मग्रामात त्या भाषेचं त्यांचं एकच घर.

उपाध्यक्षांनी चष्मा वर केला आणि विचारलं, 'त्या कोणत्या गटात येतात?'

कोणत्याच नाही. म्हणून नाव गळलं. मी हट्ट धरला, तेव्हा 'सचिव फूट पाडतात' अशी नोंद इतिवृत्तात करा असं मलाच सांगण्यात आलं, आणि इतिवृत्त मीच लिहीत असल्यामुळे ती मी माझ्या हाताने केली. फादर मधे पडू शकले असते. चर्चच्या कायद्यातल्या कॅनन (कलम) 536 प्रमाणे पॅरिश कौन्सिलचं मत फक्त सल्ल्यापुरतं असतं, निर्णय त्यांचाच. पण ते नवीन होते आणि त्यांना वर्ष शांततेत काढायचं होतं.

त्या गुरुवारी बारा जण रांगेत बसले, प्रत्येक गटाचा कोटा चोख. फादर वाकून पाय पुसत होते ते बारा छोटे टॉवेल कोणी धुतले, कडक इस्त्री करून एकसारख्या घड्या घालून ट्रेमध्ये कोणी रचले, हे सॅक्रिस्टीत, म्हणजे वेदीचं सामान ठेवायच्या खोलीत, जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बाई स्वतः तेव्हा कामावर होत्या.

आता मला सांगा, यात मिस्साच्या भाषेचा काय संबंध? ती मिस्सा तर एकत्रच होती. पवित्र गुरुवारी संध्याकाळी प्रभूभोजनाची मिस्सा आमच्याकडे एकच असते, पहिलं वाचन एका भाषेत, दुसरं दुसरीत, श्रद्धावंतांच्या प्रार्थना पाचही भाषांत. त्यामुळे कुठलंही वाचन चालू असलं तरी बरेच लोक छताकडे बघत बसतात.

माझं स्पष्ट मत आहे की धर्मग्राम भाषेने फुटत नाही, तो किल्ल्यांनी फुटतो. हॉलची किल्ली कोणाकडे, रविवारचं दान मोजायला टेबलाभोवती कोण बसतं, फादरांचा खाजगी नंबर कोणाकडे आहे, ते बघा. बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये', सहावा अध्याय उघडा. ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी 'सगळ्यांनी एकत्र प्रार्थना करा म्हणजे प्रेम वाढेल' असं प्रवचन दिलं नाही. सात माणसं निवडायला लावली आणि वाटप त्यांच्या हाती सोपवलं. त्या सातांची नावं वाचा, स्तेफन, फिलिप्प, नीकनोर, तीमोन... सातही नावं ग्रीक. ज्यांची तक्रार, कारभार त्यांच्याच हातात. हे मी मीटिंगमध्येही म्हणालो होतो. तेव्हा 'तो काळ वेगळा होता' असं उत्तर मिळालं. बारा प्रेषितांचा काळ मात्र तोच चालत होता!

तेव्हा आधी तुमच्या आर्थिक समितीतली नावं वाचा. पॅरिश कौन्सिल असावी की नाही हे बिशप ठरवतात, पण आर्थिक समिती प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे, कॅनन 537. तिच्यात सगळे एकाच भाषेचे असतील तर तुमचं दुखणं तिथे आहे. आणि ते वर्षातून एकदा पारंपरिक पोशाख घालून होणारे 'ऐक्य दिन' बंद करा. त्या दिवशीसुद्धा खुर्च्या उचलणारे आणि फोटोत येणारे वेगळेच असतात.

एकत्र मिस्सा कधीच नको असं माझं म्हणणं नाही. पवित्र आठवडा, धर्मग्रामाचा सण, बिशपांची भेट, तेव्हा हवीच. पण भाषांची खिचडी करू नका. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये मातृभाषेला दार उघडलं, त्याच दस्तऐवजाच्या 54व्या कलमात लोकांना मिस्सातले आपले भाग लॅटिनमध्येही एकत्र म्हणता-गाता यावेत असं लिहिलंय. सांक्तुस ('पवित्र, पवित्र, पवित्र') आणि आन्युस देई ('देवाच्या कोकरा') ही लॅटिन गीतं सगळ्यांना शिकवा. कोणाचीच घरची भाषा नाही, त्यामुळे कोणाचा मान जात नाही.

तुमच्याकडे एकच फादर असतील तर वरचं 'जमतील तितक्या' जरा आवरून घ्या. एका धर्मगुरूला रविवारी बिशपांच्या परवानगीनेही जास्तीत जास्त तीनच मिस्सा करता येतात, तेही गरज असेल तर. मग भाषांच्या पाळ्या लावाव्या लागतील आणि त्यावरून पुन्हा भांडणं होतील. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

आणि तुमच्यात पूर्वेकडच्या विधीची (उदाहरणार्थ केरळच्या सिरो-मलबार चर्चची) कॅथलिक कुटुंबं असतील, तर ती इतकी वर्षं तुमच्या चर्चला येतात म्हणून 'आता आमचीच' असं धरून चालू नका. नुसत्या येण्याजाण्याने त्यांचं मूळ चर्च बदलत नाही. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात ते नोंदवायचं, हा नियमही 2016चाच. आमच्या उपाध्यक्षांनी तो वाचून 'आणखी एक रकाना वाढला' एवढंच म्हटलं होतं.